धुतलेला कोट

घरचीच लॉन्ड्री असून ज्या एका कपड्याला तीस वर्षांत कुणी पाणी लावलं नव्हतं, तो कोट धाकटीने सोमवारी धुतला आणि मंगळवारी, स्मृतिदालनाच्या उद्घाटनाला जेमतेम पाच तास उरलेले असताना, इस्त्रीच्या टेबलावर घेतला.

तिची बाजू आत्ताच सांगून टाकलेली बरी, कारण पुढे तिला ती मांडायला कुणी सवड देणार नाही. दालनाच्या समितीने महिन्यापूर्वी घरोघरी एक पत्रक वाटलं होतं. पुराच्या आठवणी म्हणून लोकांनी जपलेल्या वस्तू 'स्वच्छ व सुस्थितीत' आणून द्याव्यात, असं त्यात म्हटलं होतं. भाऊने, म्हणजे तिच्या मधल्या भावाने, ते पत्रक घरात तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं आणि हे वाक्य इतरांसाठी आहे असं धरून चालला. धाकटी मात्र वीस वर्षं लॉन्ड्री चालवत होती. तिच्यासमोर 'स्वच्छ' हा शब्द जपून वापरावा, एवढं तरी घरच्यांना कळायला हवं होतं. त्यातून कोट पेटीतून काढला तेव्हा बाहीला कसर लागलेली दिसली. मग काय विचारता. दोन वेळा साबणाचं पाणी, सात वेळा साधं, आणि रात्रभर सावलीत वाळवण. बादलीतून जे निघालं त्यात वांगी लावता आली असती.

हा कोट दादाचा. बंधारा फुटला आणि खालची गल्ली तासाभरात पाण्याखाली गेली, त्यानंतर बाराव्या दिवशी तो नदीकाठच्या गाळात सापडला. दादा सापडला नाही. आईने तो गाळाचा गोळा हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि म्हणाली, "त्याचाच आहे." तेवढ्यावर घराने मान्य केलं की दादा गेला. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. रडायचं कधी हे तिला आईच्या त्या दोन शब्दांनीच कळलं होतं.

कोट काचेच्या पेटीत गेला आणि पेटीभोवती भाऊचा संग्रह वाढत गेला. आधी तो नदीकाठी हिंडून वस्तू गोळा करायचा, मग लोकांच्या घरी जाऊन मागायचा, आणि पुढे पुढे लोकच नको असलेलं सामान 'पुरातलं आहे हो' म्हणून त्याच्या गळ्यात मारायला लागले. दाराची एक मूठ. छत्रीचे दोन दांडे. चौसष्ट बटणं. कुणाच्या तरी कवळीचा खालचा भाग. पुराच्या पाण्याची एक बाटली, जिच्यातलं पाणी आजवर दोनदा उडून गेलं आणि दोन्ही वेळा भाऊने नळाखाली धरून भरलं. प्रत्येक वस्तूखाली त्याच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी. दर्शनी खोली अशी गच्च भरली की घरच्या माणसांना बसायचं झालं तर इस्त्रीच्या खोलीत यावं लागे. पुराने घरातल्या जितक्या वस्तू नेल्या, त्याच्या तिप्पट भाऊने परत आणल्या होत्या. फक्त त्यातली एकही आपली नव्हती.

धाकटीने आधी बाह्या केल्या, मग पाठ. तीस वर्षं सगळे ज्याला दादाचा काळा कोट म्हणत होते तो राखाडी निघाला होता. आता रंग उडाला असेल, असं तिने मनाशी म्हटलं खरं, पण काळ्याचा राखाडी कसा होतो हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि तो असा होत नाही. मग तिने कॉलर उलटी केली आणि इस्त्री बाजूला ठेवली.

कॉलरच्या आत, न पुसणाऱ्या निळ्या शाईने, आईच्या अक्षरात लिहिलं होतं : ३१७.

या घरात गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कपड्यावर नंबर पडतो. एका गिऱ्हाइकाचा एकच नंबर, माणूस जिवंत आहे तोवर तोच. घरच्यांच्या कपड्यांवर मात्र नंबर घालायचा नाही, हा नियम आईच्या सासूपासून चालत आलेला. नंबर आहे म्हणजे कपडा बाहेरचा. आणि तीनशे सतरा कुणाचा हे शोधायला वही उघडायचीही गरज नव्हती. गेल्याच आठवड्यात धाकटीने तीनशे सतराचे चार पांढरे डगले खळ घालून पोचते केले होते. दाताचे डॉक्टर. धडधाकट, पासष्ट वर्षांचे, आणि स्मृतिदालन समितीचे अध्यक्ष.

*

वहिनी बसने आली आणि नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आत शिरली, कारण पुढच्या खोलीत छत्रीच्या दांड्यांना धक्का लागला तर भाऊ दिवसभर तोंड फुगवून बसे.

दरवर्षी पुराच्या तारखेला ती येई. पहिल्या रांगेतली खुर्ची तिच्यासाठी राखलेली असे आणि खुर्चीवर कागद चिकटवलेला असे : दिवंगतांच्या पत्नी. तिचा नवा नवरा, जो आता अठ्ठावीस वर्षं जुना झाला होता, एसटी डेपोत कारकून होता आणि फार समजूतदार माणूस होता. एक दिवस घरी राहून तो तिला समारंभापुरती विधवा होऊ देई.

"वहिनी, दार लावा," धाकटी म्हणाली.

"का गं वन्सं? काय झालं? आणि हा कुणाचा कोट?"

"दादाचा."

वहिनीने हातातली पिशवी खाली ठेवली. "राखाडी आहे हा."

"धुतल्यावर निघाला. दादाचा काळा होता ना?"

"गडद होता. म्हणजे काळाच."

धाकटीने कॉलर उलटी करून दाखवली. वहिनीने नंबर पाहिला आणि काही विचारलं नाही. चार वर्षं ती या घरात राहिली होती. नंबर म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागणार नव्हतं.

"बायको होतात तुम्ही त्याची," धाकटी म्हणाली. "तेव्हा तुम्हाला ओळखू नाही आला?"

"अगं, चिखलाचा गोळा होता नुसता. काय ओळखणार?"

हे ती इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. कारण तिने तो ओळखला होता, म्हणजे तो दादाचा नाही हे ओळखलं होतं. दादा किल्ल्या हरवायचा म्हणून तिने त्याच्या कोटाला आतून डाव्या बाजूला एक जास्तीचा खिसा शिवला होता. त्या दिवशी नदीकाठी, आईने 'त्याचाच आहे' म्हटल्यावर, तिने हळूच चिखलातून आत हात घातला. खिसा नव्हता. तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. तेवीस वर्षांची होती ती. खिसा नाही म्हणून सांगितलं असतं तर रोज दार वाजलं की धावायचं, आणि असं म्हातारं होईपर्यंत धावत राहायचं, हे तिला त्या एका क्षणात लख्ख दिसलं होतं. तेव्हा ती गप्प बसली. दोन वर्षांनी तिने दुसरं लग्न केलं, तेही आईनेच पुढाकार घेऊन लावून दिलं. त्यामुळे लाज आणखीच वाढली. पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीत ती दरवर्षी येऊन बसत होती ती दुःखाने नव्हे, तर या लाजेपोटी.

"आईंना कळलंय?" तिने विचारलं.

"आई सकाळपासून आतल्या खोलीत रफू करतेय. समारंभाला येणार नाही म्हणाली. गुडघे."

"गुडघे दरवर्षी याच दिवशी दुखतात."

"तेच तर म्हणतेय मी. तिला अजून सोसत नाही, वहिनी. आणि आता हे असं कळलं तर? या वयात? त्याच्या कोटावर तर ती जगलीय."

कितीतरी वर्षांत दोघींचं एका गोष्टीवर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती.

"पट्टी शिवू," वहिनी म्हणाली. "नंबरावर. वर नाव घालू त्यांचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, दालनात नाव लागतं म्हणून. सुई दे."

"डॉक्टरांनी ओळखला तर?"

"तीस वर्षं पेटीसमोर उभं राहून नाही ओळखला, तो आज काय ओळखणार? आणि हे बघ, हे आपल्या दोघींतच. भाऊजींना अक्षर बोलायचं नाही. ते भाषणात घालतील."

*

भाऊ दोन वाजता न्हाव्याकडून परतला तो भाषण पुटपुटतच.

या भाषणाची गावाला इतकी सवय झाली होती की 'आणि मग त्या लाटेने' हे शब्द आले की लोक आपसूक रुमाल काढत. लाटेने दादाला भावाच्या नजरेआड केलं, असं ते वाक्य पुढे जाई. पुरात वाचलेले लोक गावात पुष्कळ होते, पण वाचणं हा पूर्णवेळ व्यवसाय भाऊनेच केला होता. शाळांत बोलावणी, वर्तमानपत्रात वर्षातून एकदा फोटो, आणि फोटोत मागे कायम ती पेटी. आज भाषण कोटाशेजारी उभं राहून करायचं होतं. त्याने मधे थांबण्याच्या जागासुद्धा ठरवल्या होत्या.

इस्त्रीच्या खोलीत शिरला आणि न ठरवलेल्या जागी थांबला.

"चिखल कुठाय?"

"काढला," धाकटी म्हणाली.

"काढला म्हणजे?"

"धुतला. चांगला निघाला. कोपराशी जरा डाग राहिलाय, तो दुसऱ्या धुण्यात..."

"अगं, ऐतिहासिक चिखल होता तो!"

"भाऊ, चिखल तो चिखल."

"तीस वर्षं! तीस वर्षं मी त्याच्यावर धूळ बसू दिली नाही!"

"चिखलावर?"

"विनोद करू नकोस. चार वाजता लोक काय बघणार? हा? हा तर कुणीही घालून बाहेर पडेल असा कोट आहे! आत्ता दुकानातून आणल्यासारखा दिसतोय! पुरातून आलाय यावर शेंबडं पोर तरी विश्वास ठेवील का?"

असं म्हणून तो बाहेर गेला आणि अंगणातली कुंडी उचलून घेऊन आला. कुंडीतलं रोप त्याने उपटून वहिनीच्या हातात दिलं. "पाणी आण तांब्याभर. लावू या. पाठीला आणि बाह्यांना. पोत तसाच येईल."

"भाऊजी म्हणतायत ते काही अगदीच चूक नाही," वहिनी रोप धरून म्हणाली. "कॉलरला जरा जाड लावा."

धाकटीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की वहिनीने नजर रोपाकडे वळवली. दोघींची युती तासभर टिकली होती. या घराच्या मानाने बरीच म्हणायची.

"धुतलेल्या कपड्याला चिखल?" धाकटी कोटापुढे आडवी झाली. "या टेबलावर? मी जिवंत असेपर्यंत नाही. कुंडी खाली ठेव, भाऊ."

भाऊने कुंडी खाली ठेवली, पण ती धाकटीच्या धाकाने नव्हे. त्याने पहिल्यांदाच कोट नीट पाहिला होता. हा रंग, ही मोठाली बटणं. चिखलाखाली काय आहे हे बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि ती येऊ नये म्हणूनच तर तो चिखल इतका जपला होता. कारण दादाने त्या दिवशी कोट घातलेलाच नव्हता. हे भाऊला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण काठावर आईने तो गोळा छातीशी धरला होता, आणि तिच्या हातून तो काढून घ्यायची छाती बाविसाव्या वर्षी त्याला झाली नाही, नंतरही झाली नाही. तिचा विश्वास बसलाय ना, मग बसू दे. त्याने पेटी केली. पेटी एकटी दिसायला लागली म्हणून शेजारी दाराची मूठ ठेवली, मग छत्रीचे दांडे, मग बटणं. एका खोट्या वस्तूला सोबत म्हणून त्याने खऱ्या वस्तूंनी घर भरून टाकलं होतं. मग भाषण. आपण हे सगळं आईसाठी करतो आहोत, असं तो स्वतःला सांगत आला होता, आणि फोटोचा भाग सोडला तर ते खरंही होतं.

"ही पट्टी कसली?" त्याने अर्धवट शिवलेली कॉलर उचलली आणि नंबर वाचला.

भाऊने कॉलर खाली ठेवली. मग तिघंही एकदम बोलले.

"आईला कळता कामा नये."

*

दाताचे डॉक्टर साडेतीनला यायचे ते पावणेतीनलाच समितीची गाडी घेऊन आले. बाहेर हॉर्न वाजवून, दर्शनी खोलीतून वस्तू चुकवत चुकवत, ते इस्त्रीच्या खोलीपर्यंत पोचले आणि दारातच उभे राहिले. टेबलावर कोट. जमिनीवर कुंडी. वहिनीच्या हातात मुळासकट रोप, धाकटीच्या हातात सुई, आणि भाऊ या सगळ्याच्या पुढे हात पसरून, जणू मागे काहीच नाही असा.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "काय सुंदर निघालाय!"

मग आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"म्हणजे स्मारकाच्या दृष्टीने," ते म्हणाले. "एक स्मारक म्हणून."

"डॉक्टर," आतल्या दारातून आवाज आला, "तुमचा कोट तयार आहे."

आई उभी होती. काठी नव्हती, भिंतीचा आधार नव्हता. तीन तास पातळ भिंतीपलीकडे बसून तिने काय काय ऐकलं असेल याचा हिशोब तिघांनी मनातल्या मनात केला आणि तिघांचेही चेहरे पडले.

"तीनशे सतरा," आई टेबलापाशी येत म्हणाली. "डाव्या कोपराला रफू आहे. मीच केलंय, पुराच्या आदल्या दिवशी. बघ, धाग्याचा रंग जरा वेगळा लागलाय. तेव्हा मिळाला नाही तसा."

"आई," भाऊ म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं कपडे धुतले मी. गिऱ्हाइकाचा कोट मला ओळखू येणार नाही होय रे?"

"पण तू म्हणालीस त्याचाच..."

"म्हणाले."

डॉक्टरांना आता बोलणं भाग होतं. "मीही पहिल्याच वर्षी ओळखला," ते म्हणाले. "वजन कमी होतं तेव्हा माझं, पण कोट तर माझाच. आईंना बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर, कोट अजून धुवायचाय असं समजा. तेव्हापासून मी तसंच समजत आलोय."

"तीस वर्षं?" वहिनीने विचारलं.

"लॉन्ड्रीवाल्यांना उशीर होतो कधी कधी."

वहिनीला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबरच तिचा बांध फुटला. ती रोप घट्ट धरून रडत रडत सांगायला लागली : तो आतला खिसा, तो काढून घेतलेला हात, ते गप्प बसणं. "मला माहीत होतं, आई. मला तेव्हाच माहीत होतं, आणि तरी मी..."

"मी बघत होते," आई म्हणाली. "हात घातलास आणि काढलास. बोलली नाहीस, तेव्हाच मी ठरवलं की आता मागे फिरायचं नाही."

"म्हणजे वहिनींनापण माहीत होतं?" भाऊ म्हणाला. "मग मी काय उगाच... अगं, मला तर त्या दिवशीपासूनच..."

तो थांबला, पण उशीर झाला होता.

धाकटीने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे आईला माहीत होतं. वहिनींना माहीत होतं. भाऊला. डॉक्टरांनासुद्धा. म्हणजे इतकी वर्षं त्या पेटीपुढे खरी रडत होते ती मी एकटीच?"

एकमेकांना त्रास नको म्हणून चौघांनी एकच गुपित चार कोपऱ्यांत लपवलं होतं, आणि ज्या एकीला ते माहीत नव्हतं तिनेच ते धुऊन काढलं होतं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. डॉक्टर दारापर्यंत गेले आणि ड्रायव्हरला थांबायला सांगून आले.

"का पण, आई?" धाकटीने विचारलं. "का म्हणालीस त्याचाच म्हणून?"

आई खुर्चीवर बसली. "ही दारात बसून असायची," तिने वहिनीकडे बोट केलं. "जेवायला उठायची नाही. पाऊल वाजलं की उभी राहायची. आणि हा." तिने भाऊकडे पाहिलंही नाही. "हा रोज ती फुटकी होडी घेऊन त्या पाण्यात जायचा. बारा दिवस. तेराव्या दिवशी त्याचीही होडी उलटणार, हे मला दिसत होतं. त्याच्या मनातून ते निघत नव्हतं, की दादा कुठेतरी आहे, झाडावर, कुणाच्या माळ्यावर. कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं की संपलं म्हणून. कोट सापडला. मी सांगितलं."

"मग तुम्ही?" वहिनीने डोळे पुसत विचारलं. "आई, तुम्हाला कशावरून कळलं, ते गेले म्हणून?"

"मला कुठे कळलं?"

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं," आई म्हणाली. "मला कोण सांगणार? कोट त्याचा नाही हे मला माहीत होतं. मग तो कुठे आहे? डोक्याला मार लागला असेल. नाव विसरला असेल. कुठल्या तरी गावात राहत असेल. आता सत्तावन्न वर्षांचा असेल. रोज हिशोब करते मी. तुमच्या त्या समारंभाला कशी येऊ? जिवंत पोराच्या श्रद्धांजलीला आई बसते का? गुडघे बरे आहेत माझे."

भाऊ टेबलाशी उभा होता. खोलीत त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला तसं हवं होतं. आईच्या विश्वासाला धक्का लागू नये म्हणून तो गप्प राहिला, आणि तो गप्प राहिला म्हणूनच आशा या बाईला रोज कुरतडत राहिली. एवढं शहाणपण त्याला त्या क्षणी आलं, आणि त्याचं फार वाईट वाटलं.

"आई," तो म्हणाला. भाषणातला आवाज त्यात नव्हता. त्याचा हा साधा आवाज घरच्यांना विसरायला झाला होता. "आई, दादा गेला."

आईने मान वर केली.

"मी पाहिलंय," भाऊ म्हणाला. "अंगात कोट नव्हता त्याच्या. पांढरा शर्ट होता, बाह्या दुमडलेल्या. मी जिन्यावर होतो, गाठोडं घेऊन. तो खाली होता, दुसरं गाठोडं ओढत. मागची भिंत आत आली. सगळीच्या सगळी, एकदम. आणि मग तिथे पाणी होतं नुसतं."

"तू म्हणाला होतास, काही दिसलं नाही."

"दिसलं होतं."

"वर आला नाही?"

"नाही. मी बघत होतो. खूप वेळ बघत होतो, आई. होडीतून जायचो ते तो जिवंत आहे म्हणून नाही. त्याला घरी आणावं म्हणून जायचो. मग तू तो कोट धरून बसलीस. मला वाटलं, हिला एवढं पुरतंय, वर ही भिंत कशाला सांगू."

आईने टेबलावरच्या कोटावर हात ठेवला आणि कॉलर सरळ केली. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे होते. धाकटीने सुई कापडात टोचून ठेवली.

"त्रास झाला असेल?" आईने विचारलं.

"नाही. कळलंही नसेल त्याला."

"कपडे आणायला मीच पाठवलं होतं तुम्हाला खाली," आई म्हणाली. "गिऱ्हाइकांचे आहेत, भिजू देऊ नका म्हटलं. मला काही बोलला का तो?"

"तुला नाही. मला बोलला."

"काय?"

"पाणी छातीपर्यंत आलं होतं. मी गाठोडं सोडत नव्हतो. तर तो ओरडला, गाढवा, सोड ते आणि वर चढ."

"मग?"

"मी सोडलं," भाऊ म्हणाला. "हा कोट त्यातलाच. सगळे सोडले मी, आई. गिऱ्हाइकांचे कपडे होते. सगळेच्या सगळे सोडून दिले."

जिने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाचा साधा रुमाल हरवला नव्हता, त्या बाईने आपल्या मधल्या मुलाकडे पाहिलं.

"बरं केलंस," आई म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली.